नाचणीच्या ट्रेने दिलेली खोटी हमी: नववीच्या वर्गातला दरडीचा प्रयोग

पार्श्वभूमी

शाळा सातारा जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातली, अनुदानित, पाचवी ते दहावीची. नववीत 38 मुलं, त्यांतली निम्म्याहून जास्त डोंगरउतारावरच्या वाड्यांमधून चालत येणारी. या भागात दरड ही वर्तमानपत्रातली बातमी राहिलेली नाही. जुलै 2021 मध्ये एकाच पावसाच्या फेऱ्यात महाड तालुक्यातलं तळिये आणि पाटण तालुक्यातली आंबेघर, मीरगाव ही गावं दरडीखाली सापडली. त्याआधी 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये 151 माणसं गेली. नंतर 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली.

या सगळ्या तारखा जुलैतल्या आहेत. आपत्ती व्यवस्थापनाचा धडा मात्र दहावीच्या विज्ञान भाग 2 च्या पुस्तकात दहावा, म्हणजे शेवटचा. तो शिकवायची वेळ येते तेव्हा पावसाळा उलटून गेलेला असतो आणि वर्ग सराव परीक्षेच्या गडबडीत असतो. म्हणून इथल्या विज्ञान शिक्षिकेने दरडीचा प्रयोग नववीतच, जुलैच्या पहिल्या आठवड्यात घ्यायचं ठरवलं. प्रयोगानंतर प्रत्येकाने वहीत एक पान लिहायचं होतं: काय पाहिलं, त्यावरून काय वाटलं, काय कळलं नाही. या पानामुळेच पुढचं सगळं घडलं.

पहिला प्रयोग

साहित्य साधं होतं. प्लायवूडचे तीन ट्रे, प्रत्येक 60 सेंमी लांब, 30 सेंमी रुंद, 15 सेंमी खोल, पुढची बाजू उघडी. आत प्लास्टिकचा कागद, त्यावर 8 सेंमी जाडीचा तांबड्या मातीचा थर. एका ट्रेला सुमारे 14 लिटर, म्हणजे साधारण 18 किलो माती लागते. मागची बाजू 7.5 सेंमीच्या चार विटांवर ठेवली की उंची 30 सेंमी होते आणि 60 सेंमी लांबीच्या ट्रेला बरोबर 30 अंशांचा उतार मिळतो. कोनमापकाची गरज पडत नाही.

पहिल्या ट्रेमध्ये उघडी माती होती. दुसऱ्यात बारा दिवस आधी दाट पेरलेली नाचणी चांगली वर आली होती. तिसऱ्यात आडवे दगड लावून बांध घातला होता. प्रत्येकावर झारीने पाच लिटर पाणी तीन मिनिटांत ओतलं आणि खाली घमेल्यात गोळा केलं. उघड्या ट्रेवर बोटभर खोल घळी पडल्या, पाणी चहासारखं आलं. नाचणीच्या ट्रेमधून जवळजवळ स्वच्छ पाणी आलं. बांधाचा ट्रे मध्ये कुठेतरी. फळ्यावर निष्कर्ष लिहिला गेला: झाडांची मुळं माती धरून ठेवतात, त्यामुळे दरड थांबते.

या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा या प्रयोगातून निघतच नाही. ट्रेमध्ये दिसली ती धूप. थेंबांच्या माराने आणि पृष्ठभागावरून वाहणाऱ्या पाण्याने कण सुटे होऊन निघाले, थर जागेवरच राहिला. दरडीत थराचा थर आतल्या पातळीवरून सुटतो आणि वरची झाडं, घरं, बांध सगळं घेऊन खाली येतो. दोन्हींत पाणी असतं, माती असते, उतार असतो, म्हणून गल्लत सहज होते. शाळांमध्ये होणाऱ्या ‘दरडीच्या’ बऱ्याच प्रात्यक्षिकांत प्रत्यक्षात धूपच दाखवली जाते.

वहीतला परिच्छेद

दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना एका मुलीचं पान समोर आलं. तिच्याच शब्दांत:

‘उघड्या ट्रेमधली माती वाहून गेली. नाचणीच्या ट्रेमधली राहिली. आमच्या वाडीच्या वर दाट झाडी आहे म्हणून आमच्याकडे दरड येणार नाही. पाऊस जोरात लागला की आजी रात्रभर जागी बसते. मी तिला सांगितलं, आजी, तू झोप, भिऊ नको. पण प्रयोगात पाणी मातीवरून जात होतं. आमच्या घरामागं पाणी जमिनीतनं येतं. ते का, ते कळलं नाही.’

समस्या या आठ ओळींत पूर्ण मांडलेली आहे. वर्गातल्या प्रयोगाने एका घराला खोटी हमी दिली, आणि ज्या घरात सावध राहणारं एकच माणूस होतं त्याला झोपायला सांगितलं. त्याच पानाच्या शेवटी मुलीने प्रयोगातली सगळ्यात मोठी उणीव अचूक पकडली होती. तिच्या घरामागचं पाणी जमिनीखालून येत होतं, ट्रेमधलं वरून. गुणांच्या दृष्टीने हे पान सरसकट ‘बरोबर’ ठरलं असतं, कारण फळ्यावरचा निष्कर्ष त्यात होता. ‘काय कळलं नाही’ हा तिसरा प्रश्न नसता तर शेवटच्या तीन ओळी लिहिल्याच गेल्या नसत्या.

समोरचे पर्याय

वहीत लाल शाईने दुरुस्ती करणं सगळ्यात सोपं होतं. पण मुलीने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपुढे शिक्षिकेचं एक वाक्य टिकत नाही. मुलं परीक्षेत दुरुस्त वाक्य लिहितात आणि घरी पाहिलेलं सांगतात.

माळीण किंवा इर्शाळवाडीची चित्रफीत दाखवावी, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. ते बाजूला ठेवलं गेलं. चित्रफितीत परिणाम दिसतो, कारण दिसत नाही. शिवाय वर्गात 2021 च्या पावसात नातेवाईक गमावलेला एक मुलगा होता. तो पहिल्या प्रयोगाच्या वेळी मागच्या बाकावर गप्प बसून होता, ही गोष्ट तेव्हा लक्षात आली.

विषय तिथेच सोडून पुढच्या घटकाकडे जाणं हाही पर्याय होता आणि घटक चाचणी जवळ असल्याने त्याचा मोह मोठा होता. अखेर दोन तास काढून प्रयोग पुन्हा करायचा आणि त्याची सुरुवात मुलीच्याच प्रश्नाने करायची, असं ठरलं. निर्णयाचं कारण शिक्षिकेने मुख्याध्यापकांना एका वाक्यात सांगितलं: चुकीचा निष्कर्ष आता घरी पोचला आहे, तो प्रयोगानेच परत आणावा लागेल.

दुसरा प्रयोग: पाणी खालून

सह्याद्रीच्या उतारावर वर माती, तिच्याखाली मुरूम आणि झिजलेला खडक, त्याखाली कठीण काळा कातळ अशी रचना सर्वसाधारणपणे असते. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधी लाल मातीसारखा मऊ पट्टाही सापडतो. पाऊस मुरत जातो, कातळावर अडतो आणि त्याच्या उतारावरून माती-मुरमाच्या खालून वाहू लागतो. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की आतलं पाणी कणांना एकमेकांपासून रेटतं, त्यांची पकड ढिली होते आणि थराचं वजन मात्र वाढलेलं असतं. दुसऱ्या ट्रेला हे दाखवायचं होतं.

बदल तीन केले. प्लास्टिकवर शाडूच्या मातीचा अर्धा सेंमी लेप दिला, म्हणजे कातळावरचा गुळगुळीत, पाणी न मुरणारा थर झाला. मागच्या भिंतीलगत, मातीच्या तळाशी, ठिबकची 16 मिमीची नळी आडवी टाकली. तिला दर तीन सेंमीवर दाभणाने भोकं पाडून एक टोक बंद केलं आणि दुसरं उंचावर ठेवलेल्या बादलीला जोडून मधे तोटी बसवली. पाणी मिनिटाला 200 मिलीच्या आसपास राहील अशी तोटी आधी मोजपात्र धरून जुळवली. तिसरा बदल म्हणजे पृष्ठभागावर अगरबत्तीच्या काड्या: वरच्या कडेपासून 10, 25 आणि 40 सेंमीवर आडव्या सरळ रांगेत, प्रत्येक रांगेत पाच.

रंगीत तालीम शाळा सुटल्यावर झाली आणि ती दोनदा फसली. पहिल्यांदा पाणी मातीतून न जाता ट्रेच्या दोन्ही भिंतींलगत पळालं. कडा ओल्या शाडूने लिंपल्यावर ते थांबलं. दुसऱ्यांदा प्लास्टिकला पडलेल्या आडव्या सुरकुतीने पायरीचं काम केलं आणि थर अडकून बसला. प्लास्टिक ताणून कडेला खिळे मारावे लागतात. आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वाळू जास्त असलेली माती पाणी सोडून देते आणि घसरत नाही. फार ठोकून बसवलेल्या मातीत पाणी शिरत नाही, त्यामुळे माती हाताने दाबावी, धुमसाने ठोकू नये.

वर्गात दोन ट्रे मांडले: एक उघड्या मातीचा, एक नाचणीचा. नाचणी आता शाडूच्या लेपावरच नव्याने पेरून वाढवलेली होती. तोटी सोडण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहिला. बहुतेकांनी नाचणीचा ट्रे टिकेल असं लिहिलं.

पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही, आणि वर्ग कंटाळतो. हीच दहा मिनिटं शिकवण्यासारखी आहेत. वरून माती कोरडी, शांत दिसते आणि आत पातळी चढत असते. बाराव्या मिनिटाच्या सुमारास उघड्या ट्रेच्या पायथ्याशी पाझर सुरू झाला, आधी स्वच्छ, मग गढूळ. मग वरच्या रांगेतल्या मधल्या काड्या उताराकडे कलल्या. वरच्या कडेला समांतर, केसाएवढी भेग दिसली आणि ती मुलांच्या डोळ्यांदेखत पेन्सिलीच्या शिसाएवढी रुंद झाली. पायथा फुगला. साडेतीन लिटरच्या पुढे पाणी गेल्यावर थर एकदम सुटला.

नाचणीचा ट्रे काही मिनिटं जास्त टिकला. मग तोही गेला, आणि ज्या तऱ्हेने गेला ते पाहून वर्ग गप्प झाला. नाचणीचा अख्खा गालिचा, मुळांनी घट्ट विणलेला, न तुटता शाडूवरून खाली आला. रोपं उभीच होती. मुळांनी माती एकत्र धरून ठेवली होती. खालच्या गुळगुळीत थराला धरायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

उलटं टोक

त्या दिवशीच्या वह्यांत नवा चुकीचा निष्कर्ष आला, आणि तो बऱ्याच पानांवर होता: ‘झाडांचा उपयोग नसतो.’ एकाने तर झाडांच्या वजनाने दरड पडते असं लिहिलं. दुसऱ्या प्रयोगाचा परिणाम जितका ठसठशीत, तितकी ही उडी मोठी असते. ती गृहीत धरूनच आणखी अर्धा तास राखून ठेवायला हवा.

शिक्षिकेने फळ्यावर उभा छेद काढला आणि एकच प्रश्न विचारला: घसरण्याची पातळी मुळांच्या वर आहे की खाली? पातळी उथळ असेल आणि झाडाची मुळं ती ओलांडून मुरमात, खडकाच्या फटीत गेली असतील, तर झाडं खरोखर धरून ठेवतात. पातळी काही मीटर खाली असेल तर झाडं थराबरोबर येतात. धूप मात्र दोन्ही वेळा झाडांमुळे कमी होते. नाचणीचा ट्रे उघड्यापेक्षा काही मिनिटं उशिरा गेला, ही नोंदही तेव्हा पुढे आणली गेली. उत्तर ‘झाडं हवीत’ आणि ‘झाडं आहेत म्हणून निर्धास्त राहू नका’ असं दुहेरी आहे. नववीच्या मुलांना ते पेलतं, फक्त त्यासाठी दोन्ही ट्रे शेजारी ठेवून बोलावं लागतं.

किती मिलिमीटरला घर सोडायचं?

हा प्रश्न मुलांकडून आला, आणि या प्रकरणातला सगळ्यात नाजूक निर्णय त्याच्या उत्तराचा होता.

आधी पावसाचं गणित केलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ट्रेचं क्षेत्रफळ 0.18 चौरस मीटर, म्हणजे एक मिलिमीटरला 180 मिली. पहिल्या प्रयोगातली पाच लिटरची झारी म्हणजे सुमारे 28 मिमी पाऊस, पण तो तीन मिनिटांत ओतल्यामुळे ताशी 550 मिमीच्या वेगाने पडला. असा पाऊस मातीत शिरायला वेळच देत नाही, वरून निघून जातो. महसूल खातं 24 तासांत 65 मिमीहून जास्त पावसाला अतिवृष्टी म्हणतं; ट्रेच्या हिशेबात ते 11.7 लिटर. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे 594 मिमी पाऊस झाला. तेवढा या ट्रेवर पडता तर 107 लिटर. मुलांनी शाळेतल्या बादल्या मोजून हा आकडा डोळ्यांसमोर आणला.

त्यावर एका गटाने लगेच मांडलं: ट्रे साडेतीन लिटरला घसरला, म्हणजे 20 मिमीला, डोंगर मोठा आहे, मग 200 ला? इथे थांबवणं गरजेचं होतं. ट्रेमधला थर 8 सेंमीचा, डोंगरावरचा कुठे एक मीटरचा तर कुठे दहाचा. ट्रेमधली माती सुरुवातीला कोरडी, डोंगरावरची आठवडाभराच्या संततधारेने आधीच भरलेली असू शकते. ट्रेला पाण्याची एकच वाट, डोंगराला फटी, झरे, चर अशा अनेक. ट्रेचा आकडा डोंगराला लावताच येत नाही. एखादा आकडा मुलांच्या हाती दिला असता तर ती घरी जाऊन ‘अजून पन्नास मिलिमीटर बाकी आहेत’ असं सांगू लागली असती. नाचणीच्या ट्रेसारखीच आणखी एक खोटी हमी.

ट्रेवरून डोंगरावर नेण्यासारख्या आहेत त्या खुणा, आणि त्यांचा क्रम: नव्याने फुटलेला झरा, स्वच्छ झऱ्याचं अचानक गढूळ होणं किंवा आटणं, जमिनीला किंवा भिंतीला पडलेली आणि रुंदावत जाणारी भेग, कललेले खांब आणि झाडं, न लागणारी दारं. यांतली एक जरी दिसली आणि पाऊस चालू असेल तर उजेड असतानाच उताराच्या रेषेतून बाजूला व्हायचं आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077 वर कळवायचं. खुणा न दिसताही हवामान खात्याचा लाल इशारा आला तर तेच करायचं, कारण रात्री आणि पावसात भेग दिसत नाही.

वाडीपर्यंत

मुलीच्या घरामागचा पाझर हा प्रश्न शिल्लक होता. शिक्षिका आणि भूगोलाचे शिक्षक तिच्या घरच्यांना विचारून उघडीप असताना जाऊन आले. पाझर घरापासून दहाएक पावलांवर, पाणी स्वच्छ. आजींच्या सांगण्यानुसार तो दर पावसाळ्यात असतो, पण या वर्षी लवकर आणि जास्त आला. वरच्या शेताच्या बांधाजवळ बोटभर रुंद भेग होती. त्याच्याही वर पाणी बाजूला काढणारा जुना चर पालापाचोळ्याने पूर्ण बुजलेला होता, त्यामुळे वरचं सगळं पाणी त्या शेतातच मुरत होतं.

शाळेने काय करावं यावर शिक्षकांत दुमत झालं. मुख्याध्यापकांना भीती होती ती शाळेने अफवा पसरवल्याचा ठपका येण्याची. ती रास्त होती, कारण धोका आहे की नाही हे सांगणं भूवैज्ञानिकांचं काम आहे. दुसरी बाजू अशी की इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, तेव्हा यादीत नाव नाही म्हणून गप्प बसणं चूक ठरलं असतं. तोडगा निघाला तो भाषेत. एका पानाची नोंद झाली: तारीख, जागा, भेगेची लांबी आणि रुंदी, शेजारी पट्टी ठेवून काढलेले फोटो, पाझराचं आणि चराचं वर्णन. ‘दरड कोसळण्याची शक्यता’ असा शब्दप्रयोग कुठेही नाही, शेवटी फक्त पाहणीची विनंती. ती पोलीस पाटील, ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालय या तिघांना मुख्याध्यापकांच्या सहीने गेली. मुलीचं नाव त्यात घातलं नाही. मोठ्यांनी द्यायची खबर लेकराच्या डोक्यावर ठेवू नये, हा निर्णय योग्यच होता.

निष्पत्ती

ग्राम महसूल अधिकारी तिसऱ्या दिवशी पाहणी करून गेले. वाडीतल्या लोकांनी एका सकाळी चर मोकळा केला, भेगेत माती ठोकून पाणी शिरणं बंद केलं आणि दोन्ही बाजूंना खुंट्या मारून त्यांतलं अंतर मोजायला सुरुवात केली. वरची तीन घरं त्या पावसाळ्यात लाल इशाऱ्याच्या रात्री खालच्या प्राथमिक शाळेत झोपायला गेली. भेग वाढली नाही, उतार घसरला नाही. भूवैज्ञानिक पाहणीची मागणी तालुक्याकडून पुढे गेली आहे. ती अजून व्हायची आहे, आणि ती होईपर्यंत वाडी सुरक्षित आहे असं कोणीही म्हणू नये.

मुलीच्या घरी सरळ भिंतींचा एक स्टीलचा डबा पर्जन्यमापक झाला. तो उघड्यावर, झाडा-छपरापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवला आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजला. हवामान खातंही त्याच वेळेला दिवसाचा पाऊस मोजतं, त्यामुळे तुलना करता आली. तिने वहीत पाऊस आणि पाझर शेजारी-शेजारी लिहिले आणि सप्टेंबरमध्ये नोंद केली की पाझर मोठ्या पावसाच्या दिवशी वाढत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतो. पाऊस थांबला तरी आतलं पाणी चालूच असतं, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा तिला त्या दोन रकान्यांनी जास्त पक्कं शिकवलं.

पुन्हा करताना

वरून पाणी आणि खालून पाणी हे दोन्ही प्रयोग एकाच दिवशी, एकामागोमाग व्हायला हवेत. नवी नाचणी वाढेपर्यंत त्यांच्यात बारा-पंधरा दिवसांचं अंतर पडलं, आणि तेवढ्यात चुकीचा निष्कर्ष घरी जाऊन रुजला. वेळ कमी असेल तर पहिला प्रयोग ‘धूप’ या नावानेच करावा आणि दरडीचं नाव काढू नये.

नातेवाईक गमावलेल्या मुलाच्या घरी आधी बोलायला हवं होतं. विषय आदल्या आठवड्यात सांगून ठेवावा, ज्याला बाहेर थांबायचं असेल त्याला पाणी मोजण्याचं किंवा वेळ नोंदवण्याचं काम द्यावं. थर सुटतो त्या क्षणी टाळ्या पडू देऊ नयेत. पहिल्या गटात त्या पडल्या होत्या.

काड्यांच्या रांगा कागदावर आखून दर दोन मिनिटांनी कल मोजला असता तर खुणांचा क्रम आठवणीवर सोडावा लागला नसता. मोबाइल स्टँडवर ठेवून बाजूने चित्रण केलं तरी पुरतं, मात्र ट्रेच्या एका भिंतीला प्लायवूडऐवजी पारदर्शक ॲक्रिलिक लावावं, म्हणजे आत चढणारी पाण्याची पातळीही दिसते.

नाचणी शाडूच्या लेपावर दाट पेरायची तर बारा ते पंधरा दिवस हाती लागतात. शाळा 15 जूनच्या आसपास उघडते. पहिल्याच आठवड्यात पेरणी झाली तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात, वाड्यांवर खरा पाऊस जोर धरायच्या आत, ट्रे तयार असतात.